सूपच्या डब्यातला मैदा

११ फेब्रुवारी, रविवार
कार्ना आज जेवायला आली आणि घरून आणलेलं उघडून बसली! माझ्याच टेबलाशी, माझी पोटची मुलगी. डॉक्टरांनी तिला गहू कायमचा बंद केलाय, कणसुद्धा चालत नाही.
म्हटलं, "अगं, भट्टीत भाजलेल्या हॉटडिशमध्ये गहू कुठला? खिमा, घेवडा, वर बटाटे."
"आई, मश्रूम सूपच्या डब्यात मैदा असतो."
डबा फिरवून वाचला. आहे की! जन्मभर तेच ओतत आले. मला फार वाईट वाटलं.

१३ फेब्रुवारी
डब्याऐवजी घरचं सूप. उकळत्या दुधात कॉर्नफ्लोअर टाकलं — नुसत्या गुठळ्या! मर्लने मुकाट्याने खाल्लं. "तसं वाईट नाही," म्हणाला. आमच्या मिनेसोटात नवरे याहून जास्त कौतुक करत नाहीत.

१४ फेब्रुवारी
कॉर्नफ्लोअर आधी गार दुधात कालवायचं! लोण्यात मश्रूम-कांदा परतला, हळूहळू दूध ओतलं. डब्यातल्यापेक्षा कितीतरी छान. नाचावंसं वाटलं. मग चवीसाठी घातलेल्या सूपच्या वडीचं वेष्टन वाचलं. गहू! मर्ल दोनदा जेवला.

१७ फेब्रुवारी
वडी नाही, नुसतं मीठ-मिरी. नवं भांडं, नवा लाकडी चमचा. गोठवलेल्या बटाट्यांचं पाकीटही चष्मा लावून वाचलं. जमलं!
बुधवारी चर्चच्या तळघरात लेंटचं, म्हणजे ईस्टरआधीच्या व्रतकाळातलं, सगळ्यांचं जेवण, पाळी माझी. कार्नाला फोन केला. म्हणाली, "येते. तू म्हणशील ते खाईन."

२१ फेब्रुवारी, बुधवार
माझी डिश टेबलाच्या टोकाला, चमचा वेगळा, वर 'गहू नाही' अशी चिठ्ठी. चर्चचं स्वयंपाकघर माझ्या मैत्रिणीच्या, लव्हॉनच्या ताब्यात. चिठ्ठी वाचून म्हणते कशी, "डब्यातलं खाऊन आपण मेलो का गं?" मी हसून सोडून दिलं.
कार्नाला कामावरून यायला उशीर झाला. तोवर डिश अर्ध्यावर आली होती. मी कॉफी भरून परतले, तर डिश पुन्हा काठोकाठ! भांडी लवकर घासून व्हावीत म्हणून उरलेलं एकात एक ओतायची आमची जुनी रीत. लव्हॉनने दुसऱ्या कुणाची तरी हॉटडिश माझ्या डिशमध्ये ओतली होती. आणि नुकत्याच आलेल्या कार्नाने त्यातलंच वाढून घेतलेलं, काटा तोंडाशी!
मी ताटच हिसकावलं. खिमा फरशीवर. सगळं तळघर माझ्याकडे वळलं.
"अगं, थोडंसंच तर ओतलं!" लव्हॉन रडवेली झाली.
"थोडंसंच?" — मी ओरडले. चर्चमध्ये! आमच्यात कुणी ओरडत नाही.
कार्ना उपाशीच गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

२२ फेब्रुवारी
लव्हॉन सकाळीच केक घेऊन आली. "हा मर्लला. पोरीला देऊ नकोस हं," म्हणाली. दोघी रडलो, मग कॉफी प्यायलो.

२८ फेब्रुवारी
कार्नाचा फोन नाही. चारचौघांत तिचा तमाशा केला मी. पुन्हा माझ्या हातचं कशाला खाईल ती? तरी कपाटातले सूपचे डबे शेजारी देऊन टाकले.

९ मार्च
कार्ना न सांगता आली. सरळ टेबलाशी बसली, ताट पुढे ओढलं. "आई, भूक लागलीये. आम्हा दोघांना."
मी खिडकीतून पाहिलं — गाडीत जावई नव्हता. वळले, तर तिचा हात पोटावर.
विचारपूस मागाहून. आधी वाढलं.