अँबेसिडरला गिऱ्हाईक आलंय

पप्पा, तुमच्या अँबेसिडरला गिऱ्हाईक आलंय. उद्या सकाळी अकराला संभाजीनगरहून एक माणूस येऊन राहिला, गाडी लादून न्यायला ट्रक घेऊनच. मी फोनवर हो म्हणून बसलोय. आईला विचारलं तर भाकर थापता थापता ती एवढंच बोलली, "तुझ्यासाठी ठेवून गेले ते. तूच बघ." आता दुपारचे तीन वाजलेत. पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या शेजारी बाज टाकून मी हे लिहितोय आणि दर दोन ओळींनी उठून फाटकाकडं बघतोय, जणू ट्रक आजच येणार. तुम्ही असता तर म्हणाला असता, काहून भितो रे, गाडी हाय ती, वाघ हाय का? त्या माणसाची भीती नाही वाटत मला. गाडी विकायची वाटते, आणि ठेवायची त्याहून जास्त वाटते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकही गोष्ट मी तुम्हाला विचारून केली नाही, कॉलेज सोडलं तेव्हासुद्धा नाही. ही एक विचारतोय.

गाडी घरी आली तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. वसमतच्या सरकारी ऑफिसात पंधरा वर्षं तुम्ही हीच गाडी चालवली. साहेब बदलत गेले, ड्रायव्हर आणि गाडी तेच राहिले. मग तिचं आयुष्य संपलं म्हणून लिलाव निघाला आणि भंगारवाल्यांच्या घोळक्यात तुम्ही इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून उभे राहिलात, ड्युटीवर असल्यासारखे. मी तिसरीत होतो. दारात हॉर्न वाजतो, आई पिठाच्या हातानं बाहेर येते, तुम्ही खाली उतरून साहेबासाठी उघडायचे तसं मागचं दार उघडून उभे. "बसा मॅडम." आई म्हणते, "येडे झाले का तुमी? लोक बघून राहिले." तुम्ही म्हणता, "बघू दे ना. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना दार उघडलं, आज माझ्या बायकोला उघडून राहिलो. कोणाला काय तकलीफ हाय?" आणि तशीच, पीठ न धुता, आई मागं बसली. कुरुंद्याला हॉटेलापुढं गाडी थांबली तर बाकड्यावरचे चहा पिणारे उठून उभे राहिले. एक तलाठी शर्टाची बटणं लावत, रजिस्टर काखेत मारून पळत आला. खिडकीतून आत बघतो तर पदरात पिठाचे हात लपवलेली आई आणि नाक पुसणारा मी. तुम्ही मान वळवून एकदम गंभीरपणे विचारलं, "मॅडम, यांना काही विचारायचं का?" आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तुम्ही स्वतः मात्र मागच्या शिटावर कधीच बसला नाहीत. मी कितीदा म्हटलं, एकदा तरी बसा, तुम्ही साहेब व्हा, मी ड्रायव्हर. तुम्ही स्टेअरिंगवर थाप मारायचात. "माझी जागा ही."

हा जो घ्यायला येऊन राहिला त्याचा धंदा लग्नाच्या फोटोंचा आहे. फोनवर म्हणतो, "भाऊ, छतावर सरकारी दिव्याचं भोक आहे ना? लांबी भरून बुजवलंय? काही हरकत नाही, आपण उकरून पुन्हा दिवा बसवू. पब्लिकला तेच पाहिजे. नवरा-नवरी मागं बसणार, पुढं आपला एक माणूस पांढऱ्या ड्रेसमध्ये, टोपी घालून." मी म्हटलं, टोपी नव्हते घालत. तो म्हणाला, "कोण?" मी म्हटलं, असंच. मग तो म्हणाला, "आणि ब्रेकचं काम आहे म्हणालात ना? त्याची फिकर नको, आपल्याला गाडी फक्त उभी करायचीय."

ब्रेकचं मीच सांगितलं होतं त्याला. आईलाही सांगितलं, गाडी दुरुस्त करणाऱ्या मेस्तरीलाही, आणि तिलाही.

तिच्याबद्दल तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ती हट्टा गावची. नांदेडला कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिच्यावरून एकजण काहीतरी घाण बोलला आणि माझं टाळकं सरकलं. त्याला कॅन्टीनमध्ये असा मारला की त्याचा दात माझ्या हाताला लागला, अजून वण आहे. प्राचार्य म्हणाले, दोन ओळींचं माफीपत्र लिही, विषय संपला. मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. बॅग उचलून दुसऱ्या वर्षाच्या मधूनच घरी आलो. मला वाटलं, तिला भारी वाटेल असं काहीतरी मी केलं. ती तर आठ दिवस बोलली नाही. "मी सांगितलं होतं का मारायला?" असं विचारलं नंतर. ती शिकत राहिली, मी इथं बॅटरीच्या दुकानात कामाला लागलो. सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या मेस्तरीला धरून, जिथून मिळेल तिथून सामान आणून तुम्ही गेल्यापासून बंद पडलेली ही गाडी मी चालू केली. खरं कारण तीच होती. तिला मागं नाही, पुढं, माझ्या शेजारी बसवायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तिला वसमतच्या स्टँडवरून घेतलं आणि औंढ्याच्या रस्त्याला लागलो. दर्शन घेऊ, भजी खाऊ, परत येऊ, असं ठरलं होतं. दोन्हीकडं हळदीची पानं कमरेएवढी झालेली. ती खूश होती, आणि खूश असतानाच तिनं सांगितलं की पुण्याला नोकरी लागली, पुढच्या महिन्यात जायचंय. "दोनच वर्षं रे. तोवर तू राहिलेलं शिक्षण पूर्ण कर." मी म्हटलं, "तिथं गेल्यावर मला कोण विचारतंय?" ती म्हणाली, "असं काहून बोलतोस?" मी पुढं बोललोच नाही. पाय बोलला. गाडी एवढी पळू शकते हे मला माहीत नव्हतं, दारं खडखडून राहिली होती, ती डॅशबोर्डला हात लावून बसलेली. कालव्याच्या पुढं रस्त्यावर मेंढरं होती. सगळा कळप रस्ता भरून, मधी एक म्हातारा, खांद्यावर घोंगडं.

गाडी थांबली. म्हाताऱ्याचं धोतर बोनेटला लागत होतं एवढ्यावर थांबली. मेंढरं शेतात उधळली. मग म्हातारा खिडकीशी आला. "काय रं, घराला आग लागली का तुझ्या?" मला वाटलं आता काठी घालणार. पण तो गाडीकडं बघत राहिला. "वळखीची हाय ही गाडी. हिचा डायव्हर लांबूनच विंजन बंद करून उभा राहायचा, मेंढरं बिथरू नये म्हणून. आत साहेब असला तरी. मानूस व्हता तो. तू कोन त्याचा?"

मी म्हटलं, "कोणी नाही. विकत घेतली गाडी."

असं म्हटलं मी, पप्पा. तिच्यादेखत. तिला सगळं माहीत असताना. मग तिनं दार उघडलं. मी म्हटलं, "ब्रेक लागले नाहीत, खरंच, पॅडल खाली गेलं, मी काय करणार?" खाली उतरून म्हाताऱ्याची मेंढरं रस्त्यावर घ्यायला तिनं हात लावला, चांगल्या चपला चिखलात घालून. मग वसमतकडं जाणाऱ्या एसटीला हात केला. चढताना एकदाच वळली. "मला तुझी भीती वाटली," म्हणाली. ओरडून नाही, रडून नाही. ताप आलाय असं सांगावं तसं.

आता ती पुण्यात आहे. फोन उचलते, जेवलास का विचारते, पण बँकेतल्या बाईसारखी बोलते. त्या दिवसापासून मी गाडीची किल्ली हातात घेतली नाही. रस्त्यानं चालताना मागून हॉर्न वाजला तरी मी कडेच्या चरात उतरतो. गेल्या आठवड्यात तिला सांगितलं, "गाडी विकून टाकतोय. ब्रेकचा भरवसा नाही तिच्या." ती म्हणाली, "बरं." दुसरं काहीच नाही.

काल कागद काढायला आईनं लोखंडी पेटी उघडली. गाडी अजून तुमच्याच नावावर आहे. तुमचा मृत्यूचा दाखला लागतो, वारसांच्या सह्या लागतात. आईनं दाखला उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "म्हंजे हे देल्यावर ते तिथूनबी जाणार." मी विषय बदलायला बोललो, "पप्पा किती थंड डोक्याचे होते. मीच कोणावर गेलो काय माहीत. मामावर गेलो असेन." आई हसायलाच लागली. "थंड? तुझा बाप? लगीन झालं तवा ताट भिरकावायचे, माझ्या माहेरचं पितळी ताट पोचा पडलेलं हाय अजून." मी विचारलं, मग? ती म्हणाली, "ड्रायव्हरकी लागली तवा ठरवलं त्यायनं. राग आला की गाडी बाजूला घ्यायची. साहेब बसलेला असला तर म्हणायचं, साहेब, जरा हवा बघतो. मंग चारी चाकं दाबत फिरायचं. एक चक्कर, दोन चक्कर, उतरला की मंग बसायचं. साहेब लोक म्हणायचे, या गाडीचे टायरच खराब."

त्यावर मला नांदेडचा रस्ता आठवला. मी दहा वर्षांचा, मागच्या शिटावर. मी तुम्हाला म्हटलं होतं की शाळेपुढं गाडी आणू नका, कोपऱ्यावर सोडा, पोरं मला भंगार-साहेब म्हणतात. तुम्ही थोडं पुढं जाऊन गाडी बाजूला घेतली आणि चाकं दाबत फिरायला लागलात. मी खिडकीतून ओरडलो, "पंक्चर झालं का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई रे लेकरा, बघून घेतो जरा." मी उगाच मोजत बसलो होतो. पाच चकरा झाल्या. सोमवारपासून तुम्ही मला कोपऱ्यावर सोडायला लागलात. त्या पाच चकरा माझ्यासाठी होत्या, हे मला काल, पेटीपुढं बसलो असताना कळलं. मला वाटायचं हा राग बाहेरून कुठून तरी आलाय, पोरांच्या संगतीनं, नाहीतर तिच्यामुळं. गाडी गेली की जाईल. तो तर घरचाच निघाला. तुम्ही त्याला आयुष्यभर धरून ठेवलंत, पोराला पत्ता लागू दिला नाहीत. माझ्याच्यानं ते होईल असं मला वाटत नाही, आणि ही भीती कोणाला सांगावी तेही कळत नाही.

गाडी मी विकणार नाही. हे लिहिता लिहिता ठरलं, त्या माणसाला संध्याकाळी फोन करून सांगतो, ट्रक आणू नका म्हणून. तो शिव्या देईल, देऊ दे. गाडी लग्नाच्या फोटोत उभी राहील म्हणून मी नकार देतोय असं नाही. उद्या ती ट्रकवर चढली की सगळे म्हणणार, बरं झालं, म्हातारी गाडी, ब्रेक लागत नव्हते. मग ते कायमचं खरं होऊन जाईल. आणि ब्रेक लागत होते, पप्पा. बराबर लागत होते, म्हणून तर तो म्हातारा आज घोंगडं घेऊन फिरतोय. मेंढरंही मला कालव्याच्या अलीकडूनच दिसली होती. मी पाय उचलला नाही. मला वाटलं ती घाबरून थांब म्हणेल, माझा हात धरेल, पुण्याला जात नाही म्हणेल. तिनं शब्द काढला नाही. एवढाच सगळा प्रकार आहे.

हे खरं तर तिला सांगायचं आहे. सकाळपासून तीनदा तिचा नंबर काढला आणि ठेवून दिला. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही. ती विचारेल, पुन्हा असं करशील का.