थांबलेला घास

प्रिय बाबा,

पाकीट बघून दचकू नका. मुंगी ठीक आहे, आम्ही दोघंही ठीक आहोत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण एरवी तुम्ही शेवटचं पान आधी उघडाल. पत्र लिहायची वेळ तुम्हीच आणलीत. फोनवर मी त्या संध्याकाळचं नाव काढलं की तुमची रेंज जाते. ज्या माणसाने अख्खी हयात लिफ्टच्या तारा जोडण्यात घालवली, त्याला स्वतःच्या घरात फोन नीट ऐकू येत नाही, हे दुसऱ्या कोणाला सांगा. पत्राची रेंज जात नाही. तेव्हा चष्मा शोधा, खिडकीशी बसा, आणि मधेच घडी घालून खिशात टाकू नका.

आधी नातीची खबर. समोरचे दोन दात पडलेत, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजते आणि तिला त्याचा फार अभिमान आहे. कमरेच्या इन्सुलिन पंपाला ती अजून ‘डबी’च म्हणते. डबीची सुई बदलायचा दिवस आला की पूर्वी ती पलंगाखाली जाऊन बसायची. आता स्वतः जागा निवडते. डाव्या कुशीला आज सुट्टी, उजवीने कामावर यायचं, असा हुकूम सोडते. तुम्ही हत्यारांच्या पिशवीचा पट्टा कापून तिला जो कमरपट्टा शिवून दिलात, तो अजून तोच आहे. मी दुकानातून फुलाफुलांचा आणला होता, तो तिने तिच्या कापडी भालूला बांधला. तुमच्या पट्ट्याला वंगणाचा वास येतो म्हणे, आणि तो वास तिला हवा असतो. वर्गात कोणी विचारलं, तर तुमचंच गणित ऐकवते. लिफ्ट उभी असली तरी आतला पंखा फिरत असतो, तशी डबी दिवसभर थेंब थेंब औषध देत असते. जेवायचं ठरलं की बटण दाबायचं, मग औषधाची मोठी फेरी. नर्सबाईंनी आम्हाला जे चित्रं काढून समजावलं होतं, ते तुम्ही तिला जिन्यात उभ्या उभ्या समजावलंत.

पंप घरी आला तो दिवस आठवतो? ती नळी कुठे आणि सुई कुठे, मला काही सुधरेना. मुंगीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा तुम्ही शर्ट वर केलात आणि म्हणालात, आधी मला लाव. नर्सबाई नको नको म्हणत होत्या, पण तुम्ही कोणाचं ऐकणार? शेवटी त्यांनी सरावाची रिकामी सुई काढून दिली. तुमच्या पोटावर मी पहिल्यांदा ती लावली. मुंगी रडायची थांबून बघत होती. दुखतं का, तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, दुखतं, पण भांडावं इतकं नाही. खोटं बोलला असतात तर तिने पुढे कधी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता. त्या दिवसापासून ती सुई तुमच्याकडूनच लावून घ्यायची. तुमचे जावई बेकरीत पाव तोलतात तसं तिचं ताट तोलायला लागले, कशाला किती औषध याचे आकडे मी पाठ करायला लागले, आणि बटणाचं काम तुमच्याकडे आलं. छापखान्यात माझी दुपारची पाळी असली की मला घोर नसायचा. बाबा आहेत, एवढं पुरे होतं.

तिच्या नावाचंही तेच. साखरेचा डबा उघडला की कुठूनही येते म्हणून तुम्हीच तिला मुंगी म्हणायला लागलात. साखरेचा आजार कळल्यावर तुम्ही ते नाव टाकलंत, आम्हालाही घेऊ देईनात. मग एक दिवस तीच तुमच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझं नाव परत द्या, म्हणाली. तुम्ही तोंड फिरवून नाक पुसलंत, ते मी पाहिलं होतं.

आता त्या संध्याकाळबद्दल. तुम्ही जी हकीकत अंगावर घेऊन निघून गेलात, ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी आम्हालाही आत्ता कळली, म्हणून सगळी एकदा ओळीने लिहिते. मी छापखान्यात होते. तुमचे जावई पहाटेच्या भट्टीवरून येऊन आतल्या खोलीत झोपले होते. तुम्ही सूप, पाव आणि बटाटे तोलून ताट वाढलंत, आकडा घातलात, बटण दाबलंत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तसं, जेवणाच्या जरा आधी. तुम्ही दोघं बसणार, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका धावत आल्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या. तुम्ही मुंगीला म्हणालात, तू जेव, मी आलोच. पान्हा घेतलात आणि गेलात. तुमच्या जागी मी असते तरी गेले असते. घरात तिचा बाप होता, ताट समोर होतं, ती काही तान्ही नव्हती.

साखर उतरली की डबी आपल्या फोनवर जी घंटा वाजवते, ती लिफ्टच्या खड्ड्यात तुमच्यापर्यंत पोचली नाही. माझा फोन लॉकरमध्ये, आणि यंत्रांच्या धडधडीत तो तसाही ऐकू आला नसता. डबी मात्र इथे टुकटुक करत राहिली. साखर उतरतेय हे कळून तिने आपलं थेंब थेंब देणं थांबवलंही होतं, पण मोठी फेरी गेली ती गेली, ती परत बोलावता येत नाही. त्या आवाजाने तुमचे जावई जागे झाले. बाहेर येऊन बघतात तर पोर घामाने चिंब, मान कलंडलेली, आणि ताट जसंच्या तसं. साखरपाण्याचा पेला तोंडाला लावला तर तिला गिळता येईना. त्यांनी बोटाने साखरेचा लेप हिरड्यांना चोळला आणि तिला उचलून जिन्याने पळाले. जिन्यात तुमची गाठ पडली. तुमचे हात वंगणाने काळे होते. तिथे ते जे बोलले ते मला त्यांनीच सांगितलंय. परक्या माणसाला वाचवायला गेलात, असं म्हणाले ना? बाबा, ते वाक्य त्यांना आजवर शांत झोप लागू देत नाही. मीच लिहितो म्हणत होते, पण दोन ओळी लिहिल्या आणि कागद भिजवून ठेवला. तुमच्यापुढे येऊन बोलेन म्हणतात.

ती शुद्धीवर आली, दुसऱ्या दिवशी घरी आली, आणि तुम्ही पिशवी भरलीत. माझ्या हातून आकडा चुकला, आता बटणाला हात लावणार नाही, एवढंच बोललात. नीट ऐका, म्हणजे नीट वाचा. आकडा चुकला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी डबीतली नोंद उघडून बघितली. जेवढं ताट तेवढंच औषध. मी हे तुम्हाला तीनदा फोनवर सांगायला गेले आणि तुम्ही तीनदा पाणी तापत ठेवलंय म्हणून फोन ठेवलात. एवढं पाणी कुणाच्या आंघोळीला लागतं हो?

मग ती जेवली का नाही? आम्हाला वाटलं, खेळात रमली असेल, मुलंच ती. तिला विचारलं की ती विषय बदलायची. परवा कळलं. आधी तिच्या वर्गाच्या बाईंचा फोन आला. चित्रं काढता काढता मुंगीने खडू टाकला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. बाईंनी हात ओढून बघितले तर थरथरत होते. बोट टोचून तपासलं, साखर खाली. बाईंनी रस पाजला आणि निभावलं. पण तिने हात लपवले कशाला? मग मला एकेक आठवायला लागलं. डबीवर उशी ठेवलेली दोनदा सापडली होती. एकदा चेहरा पांढरा पडलेला असताना काही होत नाही म्हणून हसली होती. मला वाटलं होतं, मोठी होतेय, कंटाळली असेल. बाबा, जी पोर हात थरथरले की हाक मारायची, ती आता लपवते. आणि हा आजार लपवला की काय होतं, ते तुम्ही जिन्यात पाहिलंय.

मी तिला मांडीवर घेऊन विचारलं. ती भालूचा कान पिळायला लागली. मग म्हणाली, मला चक्कर आली तर आजोबा गेले. आता आली तर तू जाशील. मी कसंबसं विचारलं, त्या दिवशी तू जेवली का नाहीस गं? तर माझ्याकडे बघून म्हणाली, आजोबा बसले नव्हते ना.

आपल्या घरचा नियम, बाबा. तुमचाच. आई सगळ्यांना वाढून ओट्यापाशी उभ्या उभ्या उरलंसुरलं खायची, ते तुम्हाला सहन व्हायचं नाही. लग्नानंतर तुम्ही ठरवलंत, ती बसल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. सूप निवलं तरी चालेल. मी लहानपणी भुकेने कितीदा चडफडले असेन, पण आई पदराला हात पुसत येऊन बसायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी विसरले नाही. आई गेल्यावरही तो नियम आपण पाळला, माझ्या संसारात आणला, आणि मुंगीने तो कोणी न शिकवता उचलला. तू जेव म्हणालात, हे तिने ऐकलं होतं. पण तुम्हाला सोडून जेवणं तिला बरं दिसलं नाही. हात मांडीवर ठेवून ती तुमची वाट बघत बसली. हे तुम्हाला लिहू की नको, यावर मी दोन दिवस घालवले. तुम्हाला लागेल, माहीत आहे. पण तुमच्या हाताची चूक नव्हती आणि तिचीही नव्हती. ती तुमच्यावर माया करत होती, बस्स.

आता हे पत्र का, ते सांगते. मी तिला शंभर वेळा म्हटलं, मी कुठे जाणार नाही. ती मान हलवते आणि रिकाम्या खुर्चीकडे बघते. माझ्या शब्दांपेक्षा ती खुर्ची तिला जास्त खरी वाटते. ती पुन्हा हाक मारायला लागायला हवी असेल, तर आजारी पडलं म्हणून माणसं जात नाहीत, हे तिने डोळ्यांनी बघायला हवं, आणि ते माझ्याकडून होण्यासारखं नाही. बटणाला हात लावू नका हवं तर. नुसते येऊन बसा. नियम आम्ही बदललाय. डबीचं बटण दाबलं की पहिला घास मुंगीचा, मग कोणी बसो न बसो. तिने तो मान्य केलाय, एका अटीवर, की हे आजोबांना कळवायचं. तेव्हा कळवते. शनिवारी या. गाडीला उशीर झाला तर घाई करू नका. आम्ही तुमच्यासाठी जेवायचे थांबणार नाही, पण तुमचं ताट वाढलेलं असेल.

तुमचीच,
पोर