दोघींची गोळी

दादा,

आपलं बोलणं बंद आहे, तरी लिहिते.

आईशीही माझा अबोला होता. बाबांची हृदयाची रोजची एकच गोळी, पण ती वेगळी देई, मी वेगळी. कुणाचं मन मोडू नये म्हणून बाबा दोन्ही गिळत राहिले. काल त्यांची नाडीच लागेना.

औषध रक्तात भिनलेलं, म्हणून डॉक्टरांनी रक्तच यंत्रातून गाळलं. अरे, बाबांचं रक्त नळीतून बाहेर येत होतं आणि शुद्ध होऊन परत अंगात जात होतं! मी नळीला हात लावला. कोमट होती. आईनेही लावला.

"बघ गं, केवढी ऊब," ती म्हणाली.

शुद्धीवर येताच बाबांनी घाबरत विचारलं, "आज कुणाची गोळी घेऊ?"

हे पत्र टाकत नाही. फोनच करते. उचल.

तुझी धाकटी