ग्रँडमास्टरशी बरोबरी

बुडापेस्ट, मंगळवार

तीर्थरूप बाबा,
शिला इथूनच पाया पडते.

काल माझ्यासमोर ग्रँडमास्टर होता आणि माझ्याकडं काळी मोहरी. मी तुमी शिकवलेला फ्रेंच बचावच खेळले. माझा उंट माझ्याच प्याद्यांमागं अडकला, घाम फुटला. पण तुमचं ऐकलं, घाई केली न्हाई. शेवटी त्यानंच विचारलं, "बरोबरी करायची?" मी मान हलवली.

पुसेगावच्या पारावर सांगा, पोरगी हरली न्हाई.

जेवण बरं आहे. थंडीची सवय होईल.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुन्हा पुढं का ढकललं? फोनवर आई विषय बदलते.

डावाच्या चाली खाली लिहिल्यात. आई वाचेल, तुमी पटावर मांडा. दिसत नसलं तरी तुमच्या बोटांना सगळी घरं पाठ आहेत.

तुमची लेक,
शिला