आईच्या घराची किल्ली

कात्रप, मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

"आपलं दुखणं आपल्या उंबऱ्याच्या आत," बाबा गेले त्या वर्षी आई म्हणाली होती. मी शाळेत होते. शिवणाच्या तासाला तेच वाक्य निळ्या दोऱ्याने मॅटीच्या कापडावर भरलं, पहिला नंबर आला. ती फ्रेम अजून अंबरनाथला तिच्या पलंगावरच्या भिंतीवर आहे.

रविवारी आई मोरीत पडली. मला आज कळलं, तेही तिच्या शेजारच्या सिंधी काकूंकडून. धावत गेले. मनगट सुजलेलं, वर हळदीचा लेप.

"पडले मी, आणि रडतेस तू?" वर हसली.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. पण दोन तास ती तशीच पडून होती, दाराला लॅच, आणि भिंतीपलीकडच्या काकूंना एक हाक मारली नाही. पुन्हा पडली तर? का भरलं मी ते वाक्य, इतक्या सुबक निळ्या टाक्यांनी? आणि मी तरी काय वेगळी? घरात कुणाला सांगितलं नाही, इथे लिहितेय.

माझ्याकडे राहायला ये, हे आता म्हणतच नाही. उद्या एवढंच मागणार. "का गं, मेले का मी?" म्हणेल, ठाऊक आहे. तरी मागणार. आई, लॅचची एक किल्ली माझ्याकडे दे.