सूर लागेपर्यंतचा चहा

चि. ऊना हिला,

देव आणि मेरीमाता तुझ्या पाठीशी असोत, आणि डब्लिनचा तो मेला खोकला तुझ्या छातीतून एकदाचा निघो. माझं म्हणशील तर गुडघा सोडून सगळं ठीक. गाय व्यायली. (कालवड आहे. नाव नोरीन ठेवणार होतो, पण गाईला आपलं नाव दिलं म्हणून तुझी मावशी स्वर्गातून पळी फेकून मारील.)

तुझी सीडी पोचली. स्वयंपाकघरात बसून मी भरलेल्या मावशीच्या हार्पच्या त्या जुन्या कॅसेटी, पण तू घासूनपुसून त्यांचं सोनं केलंस. कुठे खरखर नाही की खाकरणं नाही. मावशी गेल्यापासून घरात हार्प वाजला नव्हता, म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर मी अर्धं गाव घरी बोलावलं. हा पहिला गाढवपणा. दुसरा असा, की सवयीने आधी बटण दाबलं आणि मग चहाचं आधण ठेवायला गेलो. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडची समुद्राची हवा. मावशीच्या तारा घटकेत रुसायच्या. ती कान लावून एकेक तार पिळत बसायची, तोवर माझा चहा व्हायचा, पाव कापून लोणी लागायचं, आणि मग कुठे पहिली धून सुरू व्हायची. सगळा संसार आम्ही याच घड्याळावर केला. सीडीला मात्र कसला धीर! मी किटली उचलतो न उचलतो तोच एक धून संपली, दुसरी सुरू. धावत आलो तो मांजराच्या शेपटीवर पाय, दूध पाद्रीबुवांच्या मांडीवर, आणि ते बिचारे मांडी पुसत ‘वा, वा’ म्हणतायत. शेजारच्या ब्रीडीम्हातारीने तर निकालच दिला, “मॅलकी, ही आपली नोरीन नव्हेच. नोरीन एवढ्या लवकर कधी सुरू झालीय, मेल्या?” मी भडकलो. आमची भाची केवढी शिकलेली, तिचा कान केवढा तयार, तुला काय कळतंय त्यातलं, असं बरंच बोललो. ती उठून गेली. (पाव खाऊन. रागातही दोन तुकडे.)

असो. सीडी उत्तम आहे, सगळे म्हणतात. आईला माझी आठवण सांग.

तुझा काका,
मॅलकी

ता. क. सोबत अंडी पाठवली आहेत. पार्सल ओलं लागलं तर उघडू नकोस.

आणखी ता. क. ब्रीडीचं बरोबर होतं. तिला कळू देऊ नकोस.

शेवटचं. तू जे कापून काढलंस, ते तारा पिळणं, ते खाकरणं, आणि मध्येच मावशी माझ्यावर ओरडते, “मॅलकी, दार लाव! दमट वारा येतोय, आत्ता लावलेल्या तारा उतरतील!” ते फेकून तर नाही ना दिलंस, पोरी? असेल तर तेवढंच पाठव. धुना नकोत, त्या कुणीही वाजवतं. दार मी सकाळपासून सताड उघडं ठेवलंय. लाव म्हणून कुणी ओरडत नाही.