सुकटाची वाटी

टेमघर, भिवंडी
२००८

आये,

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं, आणि तुझं दुखरं डोकं आता माझ्याकडे आलंय. उजेड नको होतो, पोटात ढवळतं. तुझं दुखायचं तेव्हा सगळे आपल्या नारपोलीच्या घराशेजारच्या लूमच्या खडखडाटाला दोष द्यायचे. पण माझ्या घरी तर लूमचा आवाजही येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुक्या मासळीत हिस्टामिन नावाचं काहीतरी असतं. बहुतेकांना ते जिरतं. काहींच्या रक्तातच ते जिरवायची ताकद कमी, मग ते डोक्यावर येतं. "आईकडून आलं असेल. सुकट बंद करून बघा."

तू अंधारात पडलीस की बाबा स्वतः सुकटाचं कालवण करायचे, तुझ्या अंगात ताकद यावी म्हणून. तू वाटी चाटूनपुसून खायचीस. मी हात पुढे केला की फटका मारायचीस, "तुला न्हाय द्यायची." मी तुला हावरट समजायचे गं.

सुकटानंच डोकं उठतं, हे तुला कळलं होतं ना? मग बाबांना का नाही सांगितलंस?

आज बाबा आले. माझं डोकं बांधलेलं बघून पिशवीतलं सुकट घेऊन गॅसपाशी गेले. वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुझ्या आयशीला यानंच बरं वाटायचं." तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

मी सगळं खाल्लं. माझ्या मृणालीने वाटीत हात घातला, तेव्हा तिला फटका मारला.

तुझी हावरट लेक,
रंजिता